व्हॉन विल्यम्सच्या नऊ सिम्फनी : कुठून सुरुवात करावी, कशा ऐकाव्यात

इंग्लिश संगीतकार राल्फ व्हॉन विल्यम्स (१८७२–१९५८) यांनी नऊ सिम्फनी लिहिल्या. राल्फ असं लिहितात, उच्चार मात्र 'रेफ' असा करतात. पाश्चात्त्य अभिजात संगीत नव्यानेच ऐकू लागलेल्या माणसाला माझं पहिलं सांगणं असं, की या नऊ सिम्फनी एक ते नऊ अशा क्रमाने ऐकू नका. पहिली तासाहून अधिक लांब आहे आणि तिच्यात भलामोठा गायकवृंद आहे. तिथून सुरुवात केली तर पाचवीपर्यंत पोचण्याआधीच दम संपेल. आणि पाचवीसारखं संगीत विसाव्या शतकात फार थोड्यांना सुचलं. म्हणून खाली दिलेला क्रम वेगळा आहे.

पायरी १ : ऐकण्याची सोय

यूट्यूब किंवा स्पॉटिफायवर सगळ्या नऊ सिम्फनी मिळतात. शोधताना संगीतकाराचं आडनाव, 'सिम्फनी' आणि क्रमांक घाला. पहिली, दुसरी, तिसरी आणि सातवी यांना नावंही आहेत : सी सिम्फनी (इथे 'सी' म्हणजे समुद्र, स्वर नव्हे), लंडन सिम्फनी, पास्टोरल सिम्फनी आणि सिन्फोनिया अंतार्तिका. क्रमांकाने सापडली नाही तर नावाने शोधा.

आता महत्त्वाचं. ऑटोप्ले बंद करा. नऊपैकी सात सिम्फनी हळूहळू विरत जाऊन संपतात, टाळ्या घेणारा दणदणीत शेवट फक्त चौथीला आणि आठवीला आहे. शेवटचा स्वर विझत असतानाच ॲपने पुढचं काहीतरी सुरू केलं, तर संगीतकाराने अर्धा-पाऊण तास जे बांधत आणलं ते तिथेच तुटतं. व्हॉन विल्यम्स ऐकायला शिकणं म्हणजे मोठ्या प्रमाणात त्यांचे शेवट ऐकायला शिकणं आहे. नवशिक्याच्या हातून नेमके तेच निसटतात, कारण तोपर्यंत लक्ष उडालेलं असतं.

आवाजाची पातळी एकदाच ठरवा आणि मग हात लावू नका. मोठ्या आवाजाचा भाग सहन होईल इतपत ठेवा. मग हळू भाग ऐकायला कान द्यावे लागतील, तसे ते द्यायचेच आहेत. प्रवासात, लोकलमध्ये किंवा रिक्षात हे संगीत ऐकू नका. रात्री घर शांत झाल्यावर हेडफोन लावून ऐका.

सिम्फनीचे साधारण चार भाग असतात आणि मधे थोडी शांतता असते. तुकडे पाडून ऐकायला हरकत नाही, पण प्रत्येक भाग तरी एका बैठकीत पुरा करा.

पायरी २ : सिम्फनीआधी पंधरा मिनिटं

थेट सिम्फनीकडे जाण्याआधी त्यांचीच 'टॅलिसच्या चालीवरची फँटसिया' ऐका. थॉमस टॅलिस या सोळाव्या शतकातल्या इंग्लिश संगीतकाराची एक स्तोत्राची चाल व्हॉन विल्यम्सना सापडली. इंग्लंडच्या चर्चसाठी ते तेव्हा स्तोत्रसंग्रहाचं संगीत संपादित करत होते आणि तो संग्रह १९०६ साली निघाला. त्या चालीवरून त्यांनी फक्त तंतुवाद्यांसाठी ही रचना केली आणि १९१० साली ग्लॉस्टरच्या कॅथीड्रलमध्ये ती पहिल्यांदा वाजली.

ती आधी ऐकायला सांगतो, कारण आपला कान तिथे चटकन रुळतो. मूळ चाल भैरवी थाटाच्या स्वरांत आहे. भैरवी राग तिथे शोधू नका, सापडणार नाही. स्वरांचा संच मात्र तोच आहे. व्हॉन विल्यम्सनी १९०३ पासून इंग्लंडच्या खेड्यांत हिंडून शेतमजुरांकडून, म्हाताऱ्याकोताऱ्यांकडून आठशेहून अधिक लोकगीतं टिपून घेतली. त्या गाण्यांचे आणि जुन्या चर्चसंगीताचे स्वर युरोपच्या नेहमीच्या मेजर-मायनर या दोन स्वरसंचांत बसत नव्हते. पाश्चात्त्य परिभाषेत त्यांना 'मोड' म्हणतात. डोरियन मोडचे स्वर काफी थाटाचे, मिक्सोलिडियनचे खमाजचे, फ्रिजियनचे भैरवीचे, लिडियनचे कल्याणचे. शिवाय त्यांच्या चालींत वारंवार भूपाचे पाच स्वर भेटतात. हार्मोनियमवर चार सुगम गाणी वाजवलेल्या माणसालाही हे ओळखू येईल. त्यामुळे बेथोव्हनपेक्षाही व्हॉन विल्यम्सकडून सिम्फनीत शिरणं मराठी कानाला सोपं जातं असं माझं ठाम मत आहे.

पायरी ३ : पाचवी

हिच्यासाठी चाळीस मिनिटं काढा.

सुरुवातीला चेलो आणि डबल बास खाली एक स्वर धरून ठेवतात, त्यावर दोन हॉर्न हळूच एक हाक घालतात. सिम्फनी डी मेजरची, म्हणजे हॉर्नचा 'सा' डी. पण खाली धरलेला स्वर सी आहे. डी षड्ज मानला तर तो कोमल निषाद होतो. तानपुऱ्यावर 'सा'ऐवजी कोमल नी लागावा आणि वर कोणी निवांत गात राहावं, अशी ही अवस्था आहे. कुठला स्वर घर मानायचा हे कानाला ठरवता येत नाही. मधे थोडी खळबळ होते, एकदा संगीत मोठ्या उजेडात येतं, पण भाग संपतानाही तो कोमल नी खाली तसाच राहतो. प्रश्न सुटलेला नसतो. तो मनात धरून पुढे जा.

दुसरा भाग, स्केर्झो, छोटा आणि चपळ आहे. वाद्यं कुजबुजत पळतात. तो एकदा ऐकून सोडलात तरी चालेल.

तिसरा भाग 'रोमान्झा'. इथे थांबा. तंतुवाद्यांनी फार हळू काही स्वरगुच्छ मांडले की त्यावर कॉर अँग्ले गाऊ लागतं. हे ओबोच्या जातीचं, पण त्याहून खालच्या पट्टीतलं वाद्य आहे. जॉन बनियनच्या 'पिल्ग्रिम्स प्रोग्रेस' या रूपककथेवर व्हॉन विल्यम्स कित्येक वर्षं ऑपेरा रचत होते. तो पुरा होईल की नाही याची खात्री वाटेना, तेव्हा त्यातली काही सामग्री त्यांनी या सिम्फनीत घातली. ऑपेरा अखेर १९५१ साली रंगमंचावर आला. थकलेला यात्रेकरू ओझं उतरवून विसावा घेतो, त्या प्रसंगाशी हे संगीत जोडलेलं आहे. हे ठाऊक नसलं तरी काही बिघडत नाही. कॉर अँग्लेची ती ओळ एकदा कानात बसली की पुढच्या दहा-बारा मिनिटांत ती कुठे कुठे परत येते तेवढं बघा.

चौथा भाग 'पासाकाल्या'. त्यात चेलोवर एक ओळ येते आणि ती तबल्याच्या सोलोतल्या लेहऱ्यासारखी पुन्हा पुन्हा फिरत राहते. वर इतर वाद्यं नवनवीन काही करत असतात. लेहरा धरून ठेवा, म्हणजे हरवणार नाही. शेवटाकडे अचानक अगदी पहिली हॉर्नची हाक परत येते, आता पूर्ण वाद्यवृंदात. त्यानंतर तो अडलेला कोमल निषाद सुटतो, डी हा षड्ज निर्विवाद होतो आणि तंतुवाद्यं एकावर एक चढत वर विरून जातात. पहिल्या भागातला प्रश्न लक्षात ठेवला असेल, तर ही उकल किती मोठी आहे ते कळेल. नसेल तर फक्त गोड वाटेल. सिम्फनी म्हणजे सुंदर तुकड्यांची माळ नसते. चाळीस मिनिटांपूर्वी टाकलेल्या स्वराचा हिशेब इथे पुरा होतो.

तारीखही लक्षात ठेवण्याजोगी आहे : २४ जून १९४३. लंडनच्या प्रॉम्स संगीतमहोत्सवाचं जुनं घर, क्वीन्स हॉल, दोन वर्षांपूर्वी बॉम्बहल्ल्यात जळून गेलं होतं. म्हणून कार्यक्रम रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये झाला. कंडक्टर म्हणून सत्तर वर्षांचे व्हॉन विल्यम्स स्वतः उभे होते. युद्ध ऐन भरात असताना लोकांनी हे ऐकलं.

पायरी ४ : लंडन सिम्फनी

पाचवी दोन-तीनदा ऐकून झाली की दुसरीकडे वळा. ही शहराची सिम्फनी आहे आणि तिच्यात हाताला धरायला भरपूर खुणा आहेत. सुरुवात पहाटेच्या धुक्यासारखी अस्पष्ट, मग हार्पवर वेस्टमिन्स्टरच्या घड्याळाचे टोल, आणि थोड्या वेळाने सगळं शहर एकदम अंगावर येतं. दुसऱ्या भागात लव्हेंडर विकणाऱ्यांची आरोळी आणि घोडागाडीची घुंगरं ऐकू येतात. या भागाला स्वतः व्हॉन विल्यम्सनी नोव्हेंबरातल्या दुपारचा ब्लूम्सबरी स्क्वेअर म्हटलं होतं. तिसरा रात्रीचा : थेम्सच्या काठी उभं राहिल्यावर दोन्ही बाजूंनी येणारे शहराचे आवाज. शेवटच्या भागात मोर्चासारखं एक गंभीर संगीत येतं. सगळ्यावर तेच टोल पुन्हा पडतात आणि नदी वाहत समुद्राकडे निघून जाते.

सिम्फनी लिहायचं त्यांच्या मनात भरवलं जॉर्ज बटरवर्थ या तरुण संगीतकार मित्राने. ती २७ मार्च १९१४ रोजी पहिल्यांदा वाजली. मग स्वरलिपीची प्रत जर्मनीला पाठवली गेली, पहिलं महायुद्ध सुरू झालं आणि ती हरवली. वादकांकडच्या सुट्या प्रतींवरून मित्रांनी ती पुन्हा जुळवली आणि बटरवर्थ त्या कामात होता. १९१६ च्या ऑगस्टमध्ये सॉमच्या लढाईत तो मारला गेला. सिम्फनी त्याच्या स्मृतीला अर्पण आहे. पुढे व्हॉन विल्यम्सनी ती बरीच काटछाट करून आटोपशीर केली. मूळ लांब आवृत्तीचंही रिचर्ड हिकॉक्स यांनी केलेलं रेकॉर्डिंग उपलब्ध आहे. पण ते नंतर ऐका. पहिल्यांदा नेहमीची पाऊण तासाचीच घ्या.

पायरी ५ : पास्टोरल, पण शेतशिवाराची नव्हे

तिसरीच्या नावाने फसगत होते. इंग्लंडची हिरवी कुरणं, मेंढ्या, ओढे असलं काही डोळ्यांसमोर आणून ती ऐकली तर कंटाळा येईल. चारही भाग बहुतांशी संथ आहेत आणि वरवर पाहता काहीच घडत नाही. १९२२ साली ती वाजली तेव्हाही अनेकांचा असाच समज झाला. खरं म्हणजे ही युद्धभूमीची सिम्फनी आहे.

व्हॉन विल्यम्स युद्ध सुरू झालं तेव्हा ४१ वर्षांचे होते. त्या वयात ते लष्करी वैद्यकीय दलात साधे शिपाई म्हणून दाखल झाले. १९१६ साली फ्रान्समध्ये एकोआव्र गावाजवळ जखमींना आणणाऱ्या गाडीवर त्यांची नेमणूक होती. रोज रात्री गाडी घेऊन टेकडी चढताना सूर्यास्ताचं जे दृश्य दिसायचं, त्यातून ही सिम्फनी सुचली. तिथेच एक बिगुलवाला सराव करायचा आणि वरच्या 'सा'वर जाताना चुकून त्याच्या खालच्या स्वरावर थांबायचा.

ती चूक दुसऱ्या भागात आहे. मधेच सगळं थांबतं आणि एक ट्रम्पेट एकटाच वाजू लागतो. वादकाने कळ न दाबता, फक्त नळीच्या नैसर्गिक स्वरांवर हे वाजवायचं असतं. त्यामुळे त्यातला निषाद पियानोवरच्या निषादापेक्षा स्पष्टपणे उतरलेला लागतो. पाश्चात्त्य श्रोत्याला तो किंचित बेसूर भासू शकतो. श्रुती ऐकायची सवय असलेल्या आपल्या कानाला तो अतिकोमल आणि फार खरा वाटतो. भागाच्या शेवटी तीच ओळ दुरून हॉर्नवर परत येते.

चौथ्या भागाच्या सुरुवातीला आणि शेवटी एक स्त्रीस्वर दुरून, शब्दांविना गातो. खाली तालाचा आधार नाही. शब्द नसल्यामुळे शोक कुणाचा हे सांगितलं जात नाही, आणि तेच योग्य आहे. विलंबित ख्यालातली आलापी शांतपणे ऐकणाऱ्या माणसाला ही सिम्फनी जड जाऊ नये. मला ती नऊंमध्ये सर्वांत खोल वाटते. तरीही तिला पहिल्या तीन-चार पायऱ्यांनंतर ठेवली आहे, कारण घाईत ऐकली तर ती हाती लागत नाही.

पायरी ६ : चौथी, मग सहावी

आता अगदी उलट टोक. चौथी (१९३५) पहिल्याच क्षणी सी आणि डी फ्लॅट हे शेजारचे स्वर एकमेकांवर आपटून सुरू होते. कुणी षड्ज आणि कोमल ऋषभ एकाच वेळी पूर्ण जोर लावून वाजवावेत तसं. अर्धा तास ही आग विझत नाही. यात युरोपात वाढणाऱ्या हुकूमशाहीचं चित्र असल्याचं पुष्कळांनी म्हटलं, व्हॉन विल्यम्सनी ते कधी मान्य केलं नाही. ती आपल्याला आवडते की नाही ते ठाऊक नाही, पण म्हणायचं होतं ते हेच, असं त्यांचं सांगणं होतं. १९३७ साली बीबीसी सिम्फनी ऑर्केस्ट्रासोबत त्यांनी स्वतः केलेलं रेकॉर्डिंग आहे. ध्वनिमुद्रण जुनं आहे, पण वेग आणि त्वेष इतका आहे की हीच प्रत पहिल्यांदा ऐकावी.

सहावी (१९४८) एका दमात ऐकायला हवी, कारण चारही भाग न थांबता एकमेकांत शिरतात. पहिल्या भागाच्या गदारोळातून शेवटाकडे एक प्रशस्त, गाता येईल अशी चाल वर येते. ती मनसोक्त ऐकून घ्या, कारण पुढे असं सुख नाही. दुसऱ्या भागात ट्रम्पेट आणि नगाऱ्यांवर दोन लघू आणि एक दीर्घ असा ठेका सुरू होतो. तो सोडतच नाही, चढत चढत जीव नकोसा करतो. तिसऱ्यात टेनर सॅक्सोफोन आहे. आणि मग चौथा, 'एपिलॉग'. साधारण दहा मिनिटं पूर्ण वाद्यवृंद अगदी हळू वाजवतो, आणि आवाज कुठेही चढवायचा नाही अशी सूचना स्वरलिपीत आहे. शेवटी तंतुवाद्यं दोन स्वरगुच्छांमध्ये झुलत राहतात, ई फ्लॅट मेजर आणि ई मायनर, आणि कशावरही न ठरता थांबतात.

हिरोशिमानंतर तीन वर्षांनी हे ऐकून लोकांना उद्ध्वस्त झालेलं जग दिसलं. संगीतकाराला ती चर्चा आवडली नाही. माणसाला नुसतं संगीत लिहावंसं वाटू शकतं, हे कुणाला सुचतच नाही अशी त्यांची तक्रार होती. नव्या श्रोत्याने त्यांचं ऐकावं. आधी स्वर, ठेका, आवाजाची पातळी यांकडे लक्ष द्या. चित्रं मागाहून आपोआप येतात. दुसऱ्या महायुद्धाच्या आगेमागेच्या या तीन सिम्फनींमध्ये शांत आहे ती युद्धाच्या ऐन मध्यावरची पाचवी, हिंसक आहेत त्या तिच्या आधीची आणि नंतरची. काळाचा आणि संगीताचा संबंध इतका सरळ नसतो.

पायरी ७ : उरलेल्या चार

आठवी (१९५६) सर्वांत लहान, अर्ध्या तासाच्या आत संपते. वाद्यवृंदाचे विभाग ओळखायला ती उत्तम : दुसरा भाग फक्त फुंकवाद्यांसाठी, तिसरा फक्त तंतुवाद्यांसाठी, चौथ्यात घंटा, झायलोफोन आणि गाँग यांची रेलचेल. घरात मुलं असतील तर त्यांना हीच आधी ऐकवा.

नववी (१९५८) त्यांनी ८५ व्या वर्षी पुरी केली. तीन सॅक्सोफोन आणि एक फ्लुगलहॉर्न (ट्रम्पेटच्या जातीचं वाद्य) यांमुळे तिचा नाद इतर आठांपेक्षा वेगळा आहे, गडद आणि थोडा धुरकट. अजूनही तिला मिळायला हवं तेवढं मिळालेलं नाही. पहिला प्रयोग एप्रिलमध्ये झाला. २६ ऑगस्टला कंडक्टर एड्रियन बोल्ट तिचं रेकॉर्डिंग करणार होते, त्याच पहाटे व्हॉन विल्यम्स वारले. रेकॉर्डिंग ठरल्याप्रमाणे झालं आणि ते आजही ऐकायला मिळतं.

पहिली, सी सिम्फनी (१९१०), अमेरिकन कवी वॉल्ट व्हिटमनच्या कवितांवर आहे. कविता समोर ठेवून ऐका, नाहीतर गायकवृंदाचे शब्द पकडता येत नाहीत. शेवटच्या लांब भागाचे शब्द व्हिटमनच्या 'पॅसेज टू इंडिया'मधले आहेत. १८६९ साली सुएझ कालवा खुला झाला, ही त्या कवितेची एक प्रेरणा. त्याच कालव्याने मुंबई बंदराचं नशीब पालटलं.

सातवी, अंतार्तिका (१९५३), कॅप्टन स्कॉटच्या दक्षिण ध्रुवाच्या मोहिमेवरच्या १९४८ च्या चित्रपटासाठी केलेल्या संगीतातून घडली. वाऱ्याचं यंत्र, शब्दांविना गाणाऱ्या स्त्रिया, तिसऱ्या भागात एकदम कोसळणारा ऑर्गन. प्रसंग जबरदस्त आहेत, सिम्फनी म्हणून वीण मात्र सैल वाटते. ऑर्गनसाठी हेडफोनपेक्षा मोठे स्पीकर बरे.

पायरी ८ : कुणाचं वादन, आणि स्वरलिपी

सगळ्या नऊ एकाच हातच्या हव्या असतील तर आंद्रे प्रेव्हिन आणि लंडन सिम्फनी ऑर्केस्ट्रा, किंवा व्हर्नन हँडली आणि रॉयल लिव्हरपूल फिलहार्मोनिक. बोल्ट यांचा संगीतकाराशी थेट संबंध होता. तिसरी, चौथी आणि सहावी पहिल्यांदा त्यांनीच वाजवली. त्यामुळे त्यांच्याकडे कधीतरी यायलाच हवं. पाचवीसाठी मी जॉन बार्बिरोली यांचं १९६२ चं रेकॉर्डिंग सुचवेन. त्यातला रोमान्झा घाई करत नाही. एकाच सिम्फनीची दोन रेकॉर्डिंग लागोपाठ ऐकलीत तर कंडक्टर नेमकं काय करतो हे समजेल.

प्रत्यक्ष ऐकायची इच्छा असेल तर मुंबईत एनसीपीएमधल्या सिम्फनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडियाच्या हंगामांचे कार्यक्रम पाहत राहा. लंडनमध्ये राहणाऱ्यांना उन्हाळ्यात प्रॉम्सची उभ्याने ऐकायची स्वस्त तिकिटं मिळतात. कुठेही गेलात तरी दोन भागांच्या मधे टाळ्या वाजवायच्या नाहीत. सिम्फनी पूर्ण संपल्यावरही कंडक्टरचे हात खाली येईपर्यंत थांबा.

शेवटची सूचना थोडी धाडसाची आहे. स्वरलिपी उघडा. भारतात रचनाकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षांनी स्वामित्वहक्क संपतो, म्हणजे व्हॉन विल्यम्सच्या रचना इथे २०१९ पासून मुक्त आहेत. पाचवीचं पहिलं पान घ्या. पाश्चात्त्य स्वरलेखन येत नसलं तरी सर्वांत खालच्या दोन ओळींवर चेलो-बासचा लांब धरलेला सी आणि वर हॉर्नची हाक डोळ्यांना दिसते. रेकॉर्डिंग लावून त्या दोन ओळींवरून बोट फिरवा. ते पान जमलं की दुसरं उलटा.